आधी बूट वाळव, मग मोज्यांचं बघू

एका तरुणाचा प्रश्न आहे: "काका, मी वडणग्याला मळ्यात राहतो. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. पहिली पाळी सातची, म्हणून पावणेसहाला सायकल काढतो. गेले पंधरा दिवस शिवाजी पुलावर येईपर्यंत पायाची बोटं बधिर होतात आणि विद्यापीठापर्यंत चवडाच कळेनासा होतो. सेफ्टी शूजमध्ये दोन-दोन सुती मोजे घालतो, तरी फरक नाही. कामावर पोचून मोजे काढले तर दमट लागतात. थंडीसाठी बूट कुठले घेऊ?"

बूट घेऊ नकोस. निदान या महिन्यात तरी नको. मोजे दमट लागतात, हे तू जाता जाता लिहिलंस, पण सगळं उत्तर तिथंच आहे. तू उपाय थंडीवर विचारतोयस आणि तुझी अडचण आहे ओलीची. मी चोवीस वर्षं याच एमआयडीसीत सायकलनं पाळीला गेलो. पहिली चार-पाच वर्षं मीही मोज्यांवर मोजे चढवत होतो आणि तरी पाय गारच पडत होते, म्हणून हे ठामपणे सांगतोय.

आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण १४-१५ अंश असतं, लाट आली की १०-१२ वर येतं. कोरड्या पायाला एवढा गारठा सहज सोसतो. ओल्या पायाला सोसत नाही. घरातला माठ आठव. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, वारं लागलं की ते उडून जातं आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. वाऱ्यावर ठेवलेला माठ जास्त गार होतो तो याचमुळं. दमट मोजा घालून तू सायकलवर बसलास की तुझं पाऊल म्हणजे वाऱ्यावर ठेवलेला माठ. शिवाय हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. मोज्याच्या धाग्यांमध्ये कोंडलेली हवा हीच खरी ऊब असते. त्या हवेच्या जागी पाणी बसलं की मोजा एक असो की तीन, ऊब गेली.

आता ही ओल येते कुठून? तुझ्या लिहिण्यावरून मला दोन वाटा दिसतात.

पहिली वाट मळ्याची. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत तू बांधावरच्या गवतातून सायकल हातात धरून येत असणार. या दिवसांत दहिवर इतकं पडतं की पन्नास पावलांत बुटाचा पुढचा भाग भिजतो. याला उपाय अगदी सोपा आहे. रस्त्यापर्यंत रबरी चप्पल किंवा गमबूट घाल. बूट-मोजे पिशवीत घे. रस्त्यावर आलास की फडक्यानं पाय पूस, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आणि मग बूट घाल. गमबूट असतील तर तिथंच ओळखीच्या घरी किंवा टपरीमागं ठेव. दोन मिनिटं जातील, पण पुढचा तासभर सुखाचा जाईल.

दुसरी वाट जास्त महत्त्वाची, कारण ती दिसत नाही. कालचा घाम. भट्टीपाशी आठ तास सेफ्टी शूज घातलेले, आत घाम जिरलेला, घरी येऊन तेच बूट कोपऱ्यात ठेवलेले, सकाळी तेच पायात. तळपायाला घाम भरपूर येतो आणि सेफ्टी शूजचं जाड कातडं, आतलं अस्तर, खालचा स्पंज हे सगळं तो पिऊन घेतं. एका रात्रीत ते वाळत नाही. हाताला कोरडे वाटतात, पण पाय आत गेला की दहा मिनिटांत ओल वर येते. म्हणजे घरातून निघतानाच तुझे पाय ओले असतात.

म्हणून सेफ्टी शूज कामाच्या ठिकाणीच ठेव. लॉकरमध्ये कोंबू नकोस, लॉकरच्या वर, जीभ बाहेर ओढून, लेस सैल करून ठेव. सायकलवर साधे कॅनव्हासचे किंवा स्पोर्ट्स शूज चालतील. सेफ्टी शूजमध्ये सायकल चालवणं तसंही बरं नाही. पुढं पोलादाची टोपी असते, ती वाकत नाही, बोटांना हलायला जागा देत नाही. त्यात तू दोन मोजे घातलेस म्हणजे उरलेली जागाही गेली. पावलाला ऊब रक्तातून येते. बोटं आवळली की रक्त कमी पोचतं आणि मोजा जितका जाड तितकं पाऊल गार, असा उलटा प्रकार होतो. बूट घातल्यावर पाचही बोटं आतल्या आत वर-खाली करून बघ. हलली पाहिजेत. हलत नसतील तर एक मोजा काढ. फरक पहिल्याच दिवशी कळेल.

बूट वाळवण्याची पद्धत नीट सांगतो, कारण इथं बहुतेक जण चुकतात. आतला सुकतळा बाहेर काढायचा आणि वेगळा वाळवायचा. बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, अगदी टोकापर्यंत. तासाभरानं ते काढून दुसरे भरायचे. सगळ्यात जास्त पाणी पहिले बोळे ओढतात. ते रात्रभर तसेच ठेवले तर ओल बुटातच राहते. सकाळी टोकाचा बोळा काढून चिमटीत धरून बघ. कुरकुरला तर बूट वाळलाय, मऊ लागला तर अजून ओल आहे. जमलं तर बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापर.

चुलीपाशी, शेगडीवर, भट्टीजवळ बूट ठेवू नकोस. मी एकदा घाई केली होती. पावसात भिजलेले नवे बूट कोअर ओव्हनच्या, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे भाजायच्या भट्टीच्या, शेजारी ठेवले आणि जेवायला गेलो. परत आलो तर एका बुटाचा तळ उकललेला आणि दुसऱ्याचं कातडं खारकेसारखं आक्रसलेलं. चिकटवायचं सोल्यूशन उष्णतेनं सुटतं आणि कातड्यातलं तेल जातं. त्या महिन्याच्या पगारात दुसरा जोड घेणं मला जड गेलं होतं. बूट सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे. पंख्याखाली सगळ्यात उत्तम.

आता मोजे. सुती मोजा उन्हाळ्यात छान, थंडीत वाईट, कारण सूत पाणी पितं आणि धरून बसतं. लोकरीचं वेगळं आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि धाग्यांची कुरळी ठेवण असल्यामुळं हवा धरून ठेवते. हे आपल्या भागात कुणी पुस्तकातून शिकायला नको. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला येणारा धनगर बघ. भर पावसात मेंढरांमागं उभा असतो, अंगावर घोंगडं, वरून पाणी निथळतंय आणि आत माणूस उबदार. सुती चादर पांघरून तो तिथं अर्धा तासही टिकला नसता.

पण दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, तिचा मोजा पायाला टोचेल. मोज्यासाठी मऊ लोकर लागते. ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात मेरिनो लोकरीचे मोजे मिळतात, महाग असतात, पण दोन जोड तीन-चार हिवाळे जातात. तेवढे पैसे आत्ता नसतील तर दिवाळीनंतर शहरात जे स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडं लोकरमिश्रित मोजे बघ. अॅक्रिलिक असेल तरी सुतापेक्षा बरं, कारण ते पाणी पीत नाही. मोजा पातळ ते मध्यम घे, घोट्याच्या वर चार बोटं येईल असा. घोट्यापाशी कातडीला लागून रक्तवाहिन्या असतात, तो भाग उघडा राहिला तर पावलाकडं जाणारं रक्त वाटेतच गार होतं. आखूड मोजे घालून बोटं गार पडतात म्हणणारे मला दर हिवाळ्यात भेटतात.

घोंगड्याचा मी दुसरा उपयोग करतो. जुन्या घोंगड्याचा तुकडा पावलाच्या मापानं कापायचा आणि सुकतळ्याखाली घालायचा. तळाकडून येणारा गारठा तिथंच थांबतो. मात्र बुटात तेवढी जागा हवी, नाहीतर वर सांगितलेली आवळण्याची अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून हिवाळ्याचे बूट घेशील तेव्हा एक नंबर मोठे घे, आणि संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं.

ओल गेली, आवळणं गेलं. उरलं वारं. १० अंशाच्या हवेत ताशी ३० किलोमीटरचं वारं लागलं तर उघड्या कातडीला ते साधारण साडेसहा अंशासारखं लागतं. तू २० च्या वेगानं जात असशील आणि समोरून थोडं वारं असेल तर तेवढं सहज होतं. आणि पाऊल हा सायकलवरचा सगळ्यात दुर्दैवी अवयव आहे. मांडी, पोटरी राबतात आणि तापतात, पाऊल मात्र पायडलवर नुसतं दाबलेलं असतं. स्वतः काही हालचाल नाही आणि सगळ्यात पुढं वाऱ्यात. स्पोर्ट्स शूजच्या पुढच्या भागाला तर जाळीच असते.

यावर माझा चोवीस वर्षांचा उपाय म्हणजे दुधाची पिशवी. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साबणानं धुऊन वाळवायची, एक बाजू पूर्ण कापायची आणि मोज्यावरून फक्त बोटांवर टोपीसारखी चढवायची, चवड्याच्या निम्म्यापर्यंत. मग बूट. वारं आत शिरत नाही आणि मागचं पाऊल मोकळं राहिल्यामुळं घाम कोंडत नाही. कॅरीबॅगवर २०१८ पासून राज्यात बंदी आली तशी ती आता हाताशी नसते, पण दुधाची पिशवी तिच्यापेक्षा जाड आणि मजबूत असते. अख्खं पाऊल मात्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नकोस. तासाभरात आत घामाचं तळं होतं आणि पुन्हा पहिल्या पानावर.

याहून टिकाऊ हवं असेल तर बुटावरून घालायचं टोपण कर. जुन्या ट्रकच्या ट्यूबचा तुकडा घेऊन चप्पल लाइनीतल्या एखाद्या कारागिराकडं जा, बुटाचा पुढचा भाग झाकेल असं शिवून दे म्हण. खालून एक पट्टी असली की ते घसरत नाही. सायकलच्या दुकानात निओप्रीनची, म्हणजे रबरासारख्या जाड कापडाची, टोपणं तयारही मिळतात. क्लिट, म्हणजे बूट पायडलमध्ये अडकवायची तळाची पट्टी, लावायचे बूट असतील तर आणखी एक गोष्ट: क्लिटच्या स्क्रूची भोकं आतून टेपनं बंद कर. पाणी आणि वारं दोन्ही तिथून येतात आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मडगार्डचं थोडक्यात सांगतो, पण ते विसरू नकोस. रस्ता ओला असेल तेव्हा तुझ्या पायावर येणारं बरंच पाणी तुझंच पुढचं चाक उडवतं. रात्री उसाला पाणी सोडलेलं असतं, पाट फुटून ते रस्त्यावर येतं, आणि अंधारात ते दिसत नाही. पुढच्या मडगार्डला खाली एक फ्लॅप लाव, जमिनीपासून चार बोटं वर राहील एवढा लांब. तेलाच्या रिकाम्या डब्याचं प्लॅस्टिक कापून दोन नटबोल्टांत बसतो.

बोटं शिवाजी पुलावरच का बधिर होतात, यालाही कारण आहे. हिवाळ्यात वारं पडलेलं असतं तेव्हा रात्रभर गार झालेली हवा जड होऊन खोलगट भागात उतरते आणि नदीकाठी साचते. धुकं तिथंच दाटतं. पहाटे पन्हाळ्याला जाणाऱ्यांना हे माहीत आहे. पुलाच्या आसपास हुडहुडी भरते आणि वाघबिळाचा चढ लागला की हवा थोडी उबदार लागते, खरं तर उंचावर गारठा जास्त हवा. पंचगंगेच्या काठानं जाणारा तुझा पहिला तुकडा सगळ्यात गार आहे आणि नेमका तेव्हाच तुझं अंग तापलेलं नसतं. म्हणून घरातून निघण्याआधी पाच मिनिटं अंगणात दोरीवरच्या उड्या मार, टाचा उचल, बैठका काढ. पोटरी तापली की पावलात रक्त उतरतं. छातीला आणि कानाला बांधून घे. अंग गार पडायला लागलं की शरीर आधी हातापायांचं रक्त आखडतं आणि पोटातल्या अवयवांना राखतं. म्हणजे पाय गार पडल्यावर कधी कधी पायात काही करायचं नसतं, कानटोपी घालायची असते. शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन पानं घातली तरी मोठा फरक पडतो.

एवढं करूनही बोटं बधिर झाली तर सायकलवरून उतर आणि दोन-तीनशे पावलं चाल. चवड्यावर जोर देऊन चाल. मी तवंदी घाटात रात्री दोन वाजता असं चाललोय, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत. तिथं एकूण ४० तास मिळतात आणि पाच मिनिटं उतरणं जिवावर येतं. पण ती पाच मिनिटं घालवली नसती तर उताराला ब्रेक दाबताना पाय कुठं आहे तेच कळलं नसतं.

रविवारी पन्हाळ्याला जाणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगतो. वर पोचेपर्यंत मोजे घामानं भिजलेले असतात. लोक तसेच झुणका-भाकर खातात आणि तसेच उतारावर सुटतात. उतारावर पाय मारायचा नसतो, वेग चाळीसवर जातो, आणि केर्लीपर्यंत बोटांचा लाकडाचा ठोकळा होतो. खिशात एक कोरडा जोड ठेव. वर पोचल्या पोचल्या, चहा सांगायच्या आधी, मोजे बदल. उतारावरही गिअर जड करून पाय हलते ठेव.

कोल्हापुरीचं कुणीतरी विचारणारच, म्हणून बोलतो. मला तिचा अभिमान आहे, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. दुपारच्या कोरड्या उन्हात मी ती घालून मंडईपर्यंत सायकलनं जातो. पण ती बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेली असते, पाणी लागलं की फुगते आणि घाईनं वाळवली की ताठ होते. दहिवरात आणि पावसात ते पायताण घरात राहू दे.

पावसाळ्याचा हिशेब मात्र पूर्ण उलटा आहे. गगनबावड्याच्या रस्त्याला जुलैत चार तास सायकल चालवून पाय कोरडे ठेवणारा बूट मी आजवर पाहिला नाही. पाणी वरून पायावरून ओघळत आत येतं आणि जलरोधक बुटात आलेलं पाणी बाहेर जात नाही. तिथं पट्ट्यांचे प्लॅस्टिक सँडल घालावेत, पाय भिजू द्यावेत, निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोळावं आणि पोचल्यावर पाय पुसून कोरडे मोजे घालावेत. थोड्या वेळाच्या पावसात बूट घालायचे असतील तर रेनकोटची पँट बुटाच्या बाहेर राहू दे, आत खोचू नकोस. पन्हळीनं पाणी हौदात सोडल्यासारखं होतं.

ओले पाय रोज तसेच राहिले तर चिखल्या होतात. बेचकीतली कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते. तिथं तेल चोळू नकोस, ओल आणखी कोंडते. कोरडं ठेव, बुरशीविरोधी पावडर लाव, आठ दिवसांत उतार नाही पडला तर डॉक्टरांना दाखव. टाचेच्या भेगांना मात्र कोकमाचं तेल कोमट करून लावलं तर चांगला गुण येतो.

आता काळजीचं. बधिर झालेले पाय शेकोटीवर किंवा भट्टीसमोर धरू नकोस. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. कोरडे मोजे घाल, चाल, हातानं हलकं चोळ, एवढं पुरे. गारठ्यातून आल्यावर बोटांवर लाल, खाजरे, दुखरे फुगवटे येत असतील तर ते एकदम ऊब दिल्यानं वाढतात. बोटं आधी पांढरीफट, मग निळसर, मग लाल होत असतील, तीही थोड्याशा गारठ्यात, तर हा रक्तवाहिन्यांचा प्रश्न असू शकतो, डॉक्टरांना भेट. घरात कुणाला मधुमेह असेल आणि ते सायकल चालवत असतील तर त्यांनी मुंग्या येण्याला थंडी समजून सोडून देऊ नये. आणि फक्त तिसरं-चौथं बोट बधिर होत असेल, उन्हाळ्यातही होत असेल, तर तो दाब आहे. लेस सैल कर, पाय पायडलवर थोडा पुढं सरकव, म्हणजे दाब चवड्याच्या मागं येईल.

तेव्हा उद्यापासून हे कर. सेफ्टी शूज कामावर ठेव, रस्त्यापर्यंत चप्पल, साध्या बुटात एकच लोकरीचा मोजा, वर दुधाची पिशवी. आठवडाभरानं कसं वाटतं ते कळव. घोंगड्याचे तुकडे माझ्याकडं पुष्कळ आहेत. कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं माप काढून घे, दोन्ही पायांचं वेगवेगळं, आणि रविवारी सकाळी रंकाळ्यावर ये. मी कात्री घेऊन येतो.